फोटो कोणी काढला, फोटो कोणाचा आणि तो आजवर टिकला कसा?

जुन्या मुंबईचे फोटो मोबाइलवर सतत फिरत असतात. ट्राम, बग्गी, चाळीची गॅलरी, नळावर पदर खोचून उभ्या असलेल्या बायका. खाली "गेले ते दिवस" म्हणणाऱ्यांची रांग. फोटो कधीचा, हे एखाद्या वेळी लिहिलेलं असतं. कोणी काढला, हे जवळपास कधीच नसतं. मग 8 मार्चचा महिला दिन येतो आणि "भारताची पहिली महिला छायाचित्रकार" अशी एक ओळ, एक चेहरा आणि दोन तारखा फिरू लागतात. त्या बाईंनी काढलेला फोटो मात्र त्या ओळीसोबत क्वचितच असतो.

फोटो कोणी काढला, तो कोणाच्या मालकीचा आणि तो जपला कोणी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकच समजतो, म्हणून सगळा गोंधळ होतो. बायकांच्या कामाच्या बाबतीत तर या तिन्ही प्रश्नांना बऱ्याचदा तीन वेगळ्या माणसांची नावं उत्तर म्हणून येतात.

रोजच्या जगण्याचा फोटो एवढा दुर्मीळ का?

कॅमेरा महाग होता आणि रोल मोजून वापरावा लागायचा, त्या काळात तो जायचा समारंभाला. सभा, मिरवणूक, उद्घाटन, लग्न. अशा फोटोला गिऱ्हाईक होतं. वर्तमानपत्र पैसे देई, नाहीतर यजमान देई. धुणं वाळत घालणाऱ्या बाईचा फोटो कोण विकत घेणार? म्हणून तो निघतच नसे, आणि निघाला तरी कोणी सांभाळून ठेवत नसे.

काळ गेला की हे गणित उलटतं. पुढाऱ्याने फीत कापल्याचे फोटो ढिगाने उरतात आणि सगळे एकसारखे दिसतात. पण खोलीत किती माणसं राहत होती, चूल कुठे होती, कामाला जाताना लुगडं कसं नेसलं जात होतं, पोरं काय खेळत होती, हे कळायला सरकारी कागद पुरत नाहीत. तिथे एखादा साधा फोटो साक्षीदार म्हणून उभा राहतो.

होमाईंची मुंबई

छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारीत, पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक मंडळीत होते. पुढे होमाई मुंबईत आल्या आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. फोटोग्राफी त्यांना मानेकशा व्यारावाला यांनी शिकवली. 1941 मध्ये दोघांचं लग्न झालं.

त्यांचे छापून आलेले पहिले फोटो होते बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे. साल 1938. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने ते छापले आणि एका फोटोला एक रुपया दिला. पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त त्यांनी टिपलेली मुंबई येऊ लागली. जे. जे. मधल्या वर्गमैत्रिणी हे त्यांच्या त्या काळातल्या कामाचं एक ठळक अंग आहे. चित्र काढणाऱ्या, सहलीला गेलेल्या, आपल्याच नादात असलेल्या तरुण मुली. 1930 च्या दशकातल्या शहरी मुली आपण एरवी पाहतो त्या स्टुडिओत, कुंडीशेजारी, ताठ बसलेल्या. इथे त्या हलत्या-बोलत्या दिसतात, कारण कॅमेऱ्यामागे त्यांच्यातलीच एक होती.

1942 मध्ये व्यारावाला दांपत्य दिल्लीला गेलं. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी, बाकी वेळात नियतकालिकांसाठी काम. साडी नेसून, सामान घेऊन सायकलवरून त्या कामाला जात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची दिल्ली, फाळणीच्या वेळच्या बैठका, नेहरू, माउंटबॅटन हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे, आणि आज त्या ओळखल्या जातात त्या याच फोटोंसाठी. हे मला अपुरं वाटतं. नेहरूंचे फोटो इतरही अनेकांनी काढले. जे. जे. च्या त्या मुली मात्र होमाईंनी टिपल्या नसत्या, तर अशा आपल्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

कॅमेरा पोटापाशी धरल्याने काय होतं?

होमाईंच्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलिफ्लेक्स. दोन भिंगांचा, उभ्या डबीसारखा. वरचं भिंग बघायला, खालचं फोटो काढायला. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटापाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेवरचं चित्र बघायचं. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे माणूस डावीकडे चालला असेल तर तो काचेवर उजवीकडे जातो. हात सरावायला वेळ लागतो. एका रोलमध्ये चौकोनी असे फक्त बारा फोटो.

समोरच्याला काय दिसतं? एक बाई मान खाली घालून उभी आहे. तिचा चेहरा झाकलेला नाही, तिने आपल्यावर काही रोखलेलं नाही. माणूस सावध होण्याआधीच फोटो निघून जातो. अमेरिकेत व्हिव्हियन मायर यांनी शिकागोच्या रस्त्यांवर 1950 च्या दशकापासून याच कॅमेऱ्याने असंख्य फोटो काढले. त्यांची गोष्ट पुढे येते.

बायकांची नजर वेगळी असते का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. बाई आहे म्हणून फोटो हळवा, असं काही नसतं. फरक पडतो तो प्रवेशाचा: कोणाला कुठे जाऊ दिलं जातं आणि कोणासमोर कोण मोकळेपणाने वागतं याचा.

पडदा पाळणाऱ्या घरात पुरुष छायाचित्रकाराला उंबरा ओलांडता येत नसे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला, तो याच अडचणीवर तोडगा म्हणून. कलकत्त्याच्या अन्नपूर्णा दत्त घरोघरी जाऊन अंतःपुरातल्या बायकांचे फोटो काढत आणि त्यावर संसाराला हातभार लावत.

होमाईंनी याची दुसरी बाजू मुलाखतींत सांगितली आहे. साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरते म्हणजे हौस करत असणार, असं लोकांना वाटे. कोणी गंभीरपणे घेत नसे, म्हणून कोणी अडवतही नसे, आणि जिथे इतरांना रोखलं असतं अशा ठिकाणीही त्यांना फोटो घेता येत. लोकांच्या गैरसमजाचा त्यांनी आपल्या कामासाठी पुरेपूर उपयोग करून घेतला.

फोटो बायकोचा, नाव नवऱ्याचं: त्यात एवढं काय?

होमाईंचे सुरुवातीचे फोटो मानेकशांच्या नावाने छापून येत. त्या नवख्या होत्या, त्यात बाई. मानेकशांचं नाव संपादकांना ठाऊक होतं. पुढे होमाईंनी 'डालडा 13' हे टोपणनाव घेतलं. जन्म 1913 चा, मानेकशांची भेट झाली तेव्हा वय 13, आणि गाडीचा नंबर डीएलडी 13.

काही जण म्हणतात, तेव्हाची रीतच तशी होती, पैसा घरातच येत होता, नवराही शिकवणारा आणि पाठीशी उभा राहणारा होता, मग आज खळखळ कशाला? मानेकशांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. अडचण पुढे येते. पन्नास वर्षांनी एखादी अभ्यासक जुने अंक चाळते. तिच्यासमोर फक्त छापलेलं नाव असतं. त्या नावावर विसंबली, तर 1930 च्या दशकात मुंबईत फोटो काढून विकणारी बाई तिला सापडतच नाही. ती लिहून जाते की त्या काळी बायका या धंद्यात नव्हत्या. पुढचे दहा जण तिचा हवाला देतात. चुकीची नोंद अशीच पक्की होत जाते.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी दादरच्या घरात फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं केली. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख येतो, पण बऱ्याचदा युनिटला जेवू घालणारी माउली म्हणून. फिल्म धुणं हे तंत्रज्ञाचं काम आहे. रसायन किंचित चुकलं तर दिवसभराचं चित्रण वाया जातं.

होमाईंचं नाव टिकलं, कारण त्या दीर्घायुषी होत्या आणि सबिना गडीहोक यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून, फोटो ओळखून, तारखा जुळवून नोंद केली. होमाईंनी 1970 मध्येच काम थांबवलं होतं. 2010 मध्ये त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि 15 जानेवारी 2012 रोजी बडोद्यात त्या वारल्या.

निगेटिव्ह एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे

आता मालकीकडे येऊ. दोन शब्द आधी समजून घ्यायला हवेत. निगेटिव्ह म्हणजे फिल्मवर उमटलेलं उलट्या छटांचं मूळ चित्र, ज्यापासून हव्या तितक्या प्रती निघतात. कॉपीराइट म्हणजे त्या चित्राच्या प्रती काढण्याचा, छापण्याचा आणि इतरांना तशी परवानगी देण्याचा हक्क.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्ह जवळ असणं म्हणजे जमिनीचा ताबा, आणि कॉपीराइट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असू शकतं, आणि भांडणं तिथेच सुरू होतात.

व्हिव्हियन मायर यांच्या बाबतीत हेच झालं. 1926 मध्ये न्यूयॉर्कला जन्म. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी मुलं सांभाळली, बहुतेक काळ शिकागो परिसरात. सुट्टीच्या वेळी, कधी मुलांना सोबत घेऊन, त्या रस्त्यावर फोटो काढत. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह जमले, शेकडो रोल तर धुतलेलेही नव्हते. त्यांनी ते फारसे कोणाला दाखवले नाहीत. म्हातारपणी सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि 2007 मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. जॉन मालूफ नावाच्या तरुणाने एक खोकं चारेकशे डॉलरना घेतलं, पुढे इतरांकडूनही निगेटिव्ह जमवले. एप्रिल 2009 मध्ये मायर वारल्या. त्यानंतर ते फोटो जगभर गाजले.

मालूफ यांच्याकडे निगेटिव्ह होते. पण खोकं विकत घेतल्याने कॉपीराइट येत नाही, तो वारसांकडे जातो. मायर यांना मूलबाळ नव्हतं. वारस शोधता शोधता प्रकरण फ्रान्समधल्या दूरच्या नातलगांपर्यंत गेलं, 2014 मध्ये शिकागोच्या न्यायालयात पोचलं आणि पुढे तडजोड झाली. ज्या बाईला गोदामाचं भाडं भरता आलं नाही, तिच्या फोटोंवरून हे सगळं झालं. मला ते वाचताना अजूनही वाईट वाटतं.

भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा लागू आहे. साधा नियम असा की फोटो काढणारा हा पहिला मालक. अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या लग्नाच्या फोटोंवर तुमचा. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर सहसा मालकाचा. वर्तमानपत्राच्या नोकरीत मात्र मालकाचा हक्क छापण्यापुरताच, बाकीचा काढणाऱ्याकडे राहतो. मुदतही बदलली आहे. आधी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं मोजत. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराचं आयुष्य आणि मृत्यूनंतर 60 वर्षं असं मोजतात.

या कायद्यातलं कलम 57 सामान्य वाचकाला सहसा माहीत नसतं. हक्क विकून टाकला तरी "हे काम माझं आहे" असं सांगण्याचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो. फोटोखालचं नाव ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे.

पुण्याच्या मोलकरणी आणि निपाणीच्या तंबाखू कामगार

आतापर्यंत एकटीने फोटो काढणाऱ्या बायका पाहिल्या. 1980 मध्ये बंगळुरात 'युगांतर' हा गट उभा राहिला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी चार माहितीपट केले. त्यातले पहिले दोन थेट आपल्या भाषेच्या मुलखातले आहेत.

1980 मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. 'मोलकरीण' हा 1981 चा माहितीपट त्याबद्दल आहे. दुसऱ्याचं घर झाडायचं, धुणं-भांडी करायची आणि मग आपल्या घरचं सगळं, हा दिनक्रम त्यात त्या बायका स्वतः सांगतात. पगार किती, सुट्टी मागितली तर काय ऐकावं लागतं, आजारी पडलं तर काय होतं. या गोष्टी पुण्यातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराला ठाऊक होत्या. पडद्यावर कामवालीच्या तोंडून त्या ऐकायची वेळ आधी आली नव्हती.

1982 मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' आला. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात, पण बोलणं मराठीच. तिथल्या तंबाखू कारखान्यांतल्या हजारो बायका संघटित झाल्या होत्या. युगांतरची मंडळी नुसती येऊन चित्रण करून गेली नाहीत. ती तिथे राहिली, बोलली, आणि काय दाखवायचं हे बायकांबरोबर बसून ठरवलं. काही प्रसंग, उदाहरणार्थ आधी होऊन गेलेल्या बैठका, त्या बायकांनीच कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे केले.

इथे आक्षेप येतो: पुन्हा उभं केलेलं, मग ते खरं कसं? आपल्या मनात माहितीपट म्हणजे गुपचूप टिपलेलं वास्तव अशी कल्पना असते. पण जी बैठक कॅमेरा येण्याआधी होऊन गेली, ती टिपणार कोण? ज्या बायका त्या बैठकीत बसल्या होत्या, त्यांनीच ती पुन्हा मांडली, तर ती त्यांची साक्ष आहे. कोर्टात साक्षीदारही घडून गेलेलंच सांगतो. प्रेक्षकापासून ते लपवलं तर फसवणूक; युगांतरने आपली पद्धत लपवलेली नाही.

दुसरा आक्षेप: युगांतरमध्ये कॅमेरा चालवत होते नवरोज काँट्रॅक्टर, एक पुरुष. मग याला बायकांचं चित्रण कसं म्हणायचं? मला हा प्रश्न रास्त वाटतो. उत्तर असं की चित्रपटात कॅमेऱ्याचं बटण दाबणं हे एक काम आहे. कोणाकडे जायचं, कोणाला बोलू द्यायचं, काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे दुसरं. हे दुसरं काम दीपा धनराज आणि बाकीच्या जणींनी, कामगार बायकांशी बोलून केलं. काँट्रॅक्टर यांचं नाव मी मुद्दाम लिहिलं आहे. नोंद नीट हवी, तर ती सगळ्यांचीच नीट हवी.

दुसरीकडे काही जणींनी पुढे जाऊन कॅमेराही हाती घेतला. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेत 1984 मध्ये 'व्हिडिओ सेवा' सुरू झाली. व्हिडिओ शिकलेल्यांत भाजी विकणाऱ्या बायका होत्या आणि काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेऱ्याला अक्षर लागत नाही.

युगांतरचे माहितीपट वस्त्यांमध्ये प्रोजेक्टर नेऊन दाखवले जात, नंतर चर्चा होई. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला 2008 मध्ये. एका माहितीपटामुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही, तो संघटनांच्या दीर्घ लढ्याचा भाग आहे. पण 1981 मध्ये या बायका काय मागत होत्या, हे आज त्यांच्याच आवाजात ऐकता येतं.

फिल्म मरते कशी आणि वाचवतात कशी?

जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि भसकन पेट घेई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातल्या नायट्रेट फिल्म जानेवारी 2003 च्या आगीत जळाल्या. 1950 च्या दशकापासून आली ती अॅसिटेटची फिल्म. ती सहज पेटत नाही, पण उष्ण, दमट हवेत तिचं रसायन फुटतं आणि डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फिल्म आक्रसते, वळते, तडकते. एकदा सुरू झालेला हा बिघाड उलटवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून लांबवता येतो. शेजारच्या डब्यांनाही तो वास लागतो. मुंबईच्या हवेत कपाटातला डबा म्हणजे सतत धोका.

रिस्टोरेशन म्हणजे उरलेल्यातली सर्वांत चांगली प्रत शोधायची, शक्यतो मूळ निगेटिव्ह. ती साफ करायची, एकेक चौकट स्कॅन करायची, ओरखडे काढायचे, उजेड सारखा करायचा, आवाज वेगळा स्वच्छ करायचा. पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात. युगांतरच्या माहितीपटांचं हे काम बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने केलं. पुण्याच्या मोलकरणींच्या आवाजासाठी बर्लिनला जावं लागलं, याची मला कृतज्ञता वाटते आणि रुखरुखही. आपल्याकडे मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था 1988 पासून बायकांच्या मुलाखती, फोटो आणि चित्रफिती जमवते आहे. अशा एका संस्थेच्या अंगावर हे सगळं ओझं टाकून भागणार नाही.

मग घरातल्या फोटोंचं काय?

आजीचा अल्बम काढा आणि फोटो कोणी काढला ते विचारा. "काकांनी" हे उत्तर लगेच स्वीकारू नका, कॅमेरा कोणी कोणी वापरला हेही विचारा. मिळालेलं नाव, गाव आणि अंदाजे साल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हलक्या हाताने सोडवून कागदी पाकिटांत ठेवा. स्कॅन केला म्हणून निगेटिव्ह फेकू नका. उद्याचा स्कॅनर आजच्याहून चांगला असेल, आणि त्याला मूळ निगेटिव्हच लागेल. जुना फोटो पुढे पाठवताना काढणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर तेही टाका. नसेल तर "छायाचित्रकार अज्ञात" लिहा, म्हणजे नाव शोधायचं राहिलं आहे हे तरी पुढच्याला कळेल.